दर नजरेच्या खर्चावरील मोहीम

राजमान्य राजेश्री खजिनदारसाहेब, काटकसरीचे कुलमुखत्यार, यांच्या मोहिमेचा मजकूर येणेप्रमाणे. पुढीलांस बोध व्हावा, न झाल्यास निदान करमणूक व्हावी, सबब लिहिला.

अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात संगणकाचा नकाशा आला. गल्ली किती रुंद, आज कोणता रस्ता खोदला, बंब कोठून शिरेल, हे सर्व त्यात रोज ताजे होते. मग साहेबांनी नकाशाची किंमत घेतली आणि तो जितक्या वेळा पाहिला तितक्याने भागली, आणि दर नजरेमागचा खर्च पाहून बहुत कष्टी जाहले. मग हुकूम सुटला की, नकाशा कमी पाहावा. तो कमी पाहिला आणि दर नजरेचा खर्च वाढला. मग साहेब संतापले आणि आणखी कमी पाहण्याचा हुकूम सुटला. अखेरीस साहेबांच्या परवानगीवाचून नकाशा उघडूच नये, ऐसा बंदोबस्त जाहला. दरबाराने माना डोलावल्या. भागाकार कोणास येत नव्हता ऐसे नाही. बढती सर्वांस हवी होती.

ऐशात एके दुपारी बाजारामागील इमारतीस आग लागली आणि तिसऱ्या मजल्यावर एक वृद्धा अडकली. बंब नेहमीच्या गल्लीत शिरला आणि खोदलेल्या रस्त्यापुढे खिळला. मग नियंत्रण कक्षातील बाईंनी साहेबांस फोन लावला. साहेब बचतीच्या बैठकीत होते.

"साहेब, नकाशा उघडू का? बंब अडकलाय."

"अहो बाई, उठसूट काय नकाशा? ड्रायव्हरला म्हणावं, विचार कुणाला तरी. पत्ता काय?"

बाईंनी पत्ता सांगितला. तो साहेबांच्या मातोश्रींचा निघाला.

"उघडा! उघडा म्हणतो ना!"

मग नकाशा उघडला आणि शाळेच्या मागील फाटकातून वाट दिसली, आणि फौजेने कूच केले आणि शिडी लागली, आणि मातोश्री सहीसलामत खाली आल्या. साहेब धापा टाकीत पोहोचले.

"इतका वेळ कुठे तडमडली होती रे तुझी माणसं?" मातोश्रींनी खोकत पुसिले.

"रस्ता खोदलाय गं, आई," साहेब वदले.

दुसरे दिवशी परवानगीचा हुकूम गुपचूप रद्द जाहला. मग नकाशा अष्टौप्रहर उघडा राहू लागला आणि दर नजरेचा खर्च धुळीस मिळाला, आणि या अपूर्व बचतीबद्दल साहेबांस मानपत्र मिळाले. त्यात मातोश्रींचा उल्लेख नाही. त्या मजकुराचा बचतीशी संबंध नव्हता. येणेप्रमाणे साहेबांनी खर्चावर फत्ते मिळविली, ती येथे नोंदली.