मुडद्यांवर नाराज प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ भुताचा सिनेमा चहाच्या कपावर तोलतात. सिनेमा सुरू होताना हातात गरम चहा हवा. बघता बघता चहा प्यायचाच राहिला आणि वर साय धरली, तर सिनेमा खरा. चहा वेळेवर पिऊन झाला, तर सिनेमा भंगार. मग ते रिकामा कप माझ्या बायकोच्या हातात देतात आणि दुःखाने सांगतात, "चहा संपला, वहिनी. भूत काई आलं नाई." आमच्या घरी आजवर बहुतेक सिनेमांचा निकाल हाच लागला आहे.

अकोल्यात जठारपेठेत आमच्या भिंतीला लागून त्यांचं गाद्या-उशांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना झोप विकायची आणि संध्याकाळी स्वतःची झोप उडवणारं काहीतरी शोधायचं, असा त्यांचा दिनक्रम. कापूस पिंजून भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं झालेलं. तिन्हीसांजेला ते दुकानातून बाहेर पडले की नवखा माणूस दचकतो. त्यांना मात्र अजून कोणी दचकवू शकलेलं नाही, आणि आयुष्यात एकदा मनापासून घाबरायचं, एवढी एकच त्यांची इच्छा आहे.

चांदूर बाजारच्या रस्त्यावर एका चिंचेवर हडळ राहते असं कोणीतरी सांगितलं, तर हे अमावस्या गाठून डबा घेऊन तिथे जाऊन बसले. ठेचा-भाकर खाल्ली, हात धुतले, वाट पाहिली. परत येऊन सांगणाऱ्यालाच फैलावर घेतलं, की तिथे निस्ते मच्छर आहेत, माणसाला उगाच आशेला लावू नये. मोहल्ल्यातली एकही मयत ते चुकवत नाहीत. स्मशानात बाकीचे माना खाली घालून उभे असतात, तेव्हा हे तिरडीकडे टक लावून पाहत असतात. एका तेराव्याला त्यांनी मयताच्या मुलाला विचारलं होतं, "तवापासून घरात काई आवाज-गिवाज?" मुलाने नाही म्हटल्यावर त्याचंच सांत्वन करून आले.

अशा माणसाच्या हाती ती प्रसिद्ध मालिका लागली. मेलेली माणसं उठतात, जिवंतांना चावतात आणि सगळं जग बुडतं, अशी ती गोष्ट. आमच्या मुलाने पुण्याहून पासवर्ड पाठवला आणि प्रल्हादभाऊ रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, टेकायला स्वतःच्या दुकानातला लोड घेऊन आमच्याकडे येऊ लागले. त्यांच्या दुकानासाठी खोळी शिवणाऱ्या शबानाभाभीही मागोमाग आल्या. सुरुवातीच्या भागांत चहावर साय धरली. प्रल्हादभाऊ इतके हरखले की दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडे जिलबी पाठवली.

पण पुढे मालिका बसली. मुडदे मागे पडले आणि जिवंत माणसं शेकोटीभोवती बसून पुढारी कोणाला करायचं यावर बोलू लागली. "हे तं आपल्या सोसायटीची मीटिंग करून राह्यले," प्रल्हादभाऊ म्हणाले. त्यांच्या शंकांना अंत नव्हता. जग बुडालं, मग अंगणातलं गवत कोण कापतं? गाड्यांत पेट्रोल कुठून येतं? एवढे हिंडतात, पण एकाही बाईने चूल पेटवलेली दिसत नाही. मुडद्यांच्या चालण्यावर तर त्यांचा विशेष राग. लग्नात जेवणाची पंगत बसते म्हटल्यावर आपले म्हातारे याहून जोरात पळतात, असं त्यांचं म्हणणं. आणि एवढंच असेल तर या मुडद्यांनी मे महिन्यात भर दुपारी अकोल्याच्या रस्त्यावर एक पाय टाकून दाखवावा, असं त्यांनी टीव्हीला जाहीर आव्हानही दिलं.

शबानाभाभींना मालिका फार आवडत होती. "भाऊ, मुर्दे को छोडो, उस औरत का क्या हुआ वो देखने दो," असं त्या दटावायच्या. मग प्रल्हादभाऊ चहाचा मोठा घोट घ्यायचे, अगदी आम्हाला ऐकू जाईल असा.

एका भागात मात्र वेगळंच झालं. एका घरातला म्हातारा मरून उठला होता. तो कोणाला चावला नव्हता, नुसता अंगणात फेऱ्या मारत होता. घरचे सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले आणि त्यांनी ठरवलं, की हा आपल्याला ओळखत नाही, म्हणजे हा आता आपला नाही. मग सर्वांनी रडून घेतलं आणि त्याला गोळी घातली. शबानाभाभींनी डोळ्यांना पदर लावला. प्रल्हादभाऊ उठून उभे राहिले.

"वळखत नाई म्हनून मारून टाकाचं काय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बंद करा, सर. भंगार मालिका हाये."

ते लोड तिथेच टाकून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. प्रल्हादभाऊ शेवटी घाबरले, असं मी गल्लीभर सांगत सुटलो. मला फार गंमत वाटत होती.

त्या रविवारी मला परतवाड्याला काम होतं. एसटीत पाहतो तर प्रल्हादभाऊ, मांडीवर पिशवी घेऊन. ते दर रविवारी अचलपूरला थोरल्या भावाकडे जातात, हे मला माहीत होतं. मी गमतीने मालिकेचा विषय काढला. ते हसले नाहीत. अकोट मागे पडल्यावर आपणच बोलायला लागले.

वडील लवकर गेले, तेव्हा या थोरल्या भावाने, नामदेवदादांनीच त्यांना वाढवलं आणि गादीचं काम शिकवलं. आता दादांची आठवण गेली आहे. बायको कोण, भाऊ कोण, काही कळत नाही. दिवसभर अंगणात फेऱ्या मारतात. पण अजून एक गोष्ट शाबूत आहे. हाताला ढिला टाका लागला की ते भडकतात. म्हणून प्रल्हादभाऊ दर रविवारी एक उशी शिवून नेतात आणि तिचे टाके मुद्दाम ढिले सोडतात.

"रागावला का पयल्यासारखा वाटते दादा," ते म्हणाले. "तेवढाच भेटते. डॉक्टर म्हनते, हेबी जाईन एक दिवस."

मग हे भुताचे सिनेमे कशाला, मी विचारलं.

"घरचं भेव विसराले बाहेरचं भेव लागते, सर. पन तेवढं मोठं कोनाजवळच नाई."

माझं परतवाड्याचं काम राहून गेलं. मी त्यांच्यासोबत अचलपूरला उतरलो. दादा अंगणातच होते, पाय घासत भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत. आम्हाला पाहून थांबले आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. प्रल्हादभाऊंनी वाकून पायांना हात लावला. "काम पाहाले आलो, दादा. उशी शिवून आनली," असं म्हणून त्यांनी उशी पुढे केली.

दादांनी उशी घेतली, काखेत धरली आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागले. भिंतीपर्यंत गेले, दारापर्यंत आले. उशीकडे पाहिलंही नाही. दादांची बायको पाण्याचे पेले घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली. प्रल्हादभाऊंच्या कपाळावर घाम आला होता आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि गल्लीभर केलेल्या माझ्या गमतीची मला शिसारी आली. तो म्हातारा एकदा तरी रागावू दे, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

दादा पुन्हा भिंतीशी पोचले. तिथे ते थांबले. काखेतली उशी हातात आली, अंगठा शिवणीवरून फिरला आणि एका जागी अडकला. त्यांनी तिथे नख घालून ओढलं. शिवण उसवली, कापूस बाहेर आला.

"याले टाका म्हन्तात काय रे?" दादा कडाडले. "कोन्या गाढवानं शिकवलं तुले?"

प्रल्हादभाऊंनी मान खाली घातली. "होता एक मास्तर."

"त्याले लाज नव्हती. बस इथं. सुई आन."

प्रल्हादभाऊ मातीतच मांडी घालून बसले. शर्टाच्या खिशातून त्यांनी सुई काढली. दोरा आधीच ओवलेला होता.