हिला न आवडणारी गोष्ट

"ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लिहा," असं कॉम्प्युटरने पडद्यावर म्हटलं तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती, आणि घरात त्या हाकेला ओ देणारं कोणी नव्हतं.

फर्निचरच्या एका कारखान्याला आराखडे काढणारी मुलगी हवी होती. ही मुलगी दोन वर्षं कपड्यांच्या दुकानात शर्टांच्या घड्या घालत होती आणि उरलेल्या वेळात खोक्यांच्या झाकणांवर खुर्च्या काढत होती. कारखान्याने तिला एक प्रोग्रॅम पाठवला होता. तो कॉम्प्युटरवर बसवायचा, पाचच्या आत चाचणी सुरू करायची, नाहीतर नाव बाद. फोनवर तो चालत नव्हता.

कॉम्प्युटर वापरलेला होता. वडील चावीवाले. गेल्या महिन्यात ते एका निवृत्त सर्व्हेअरकाकांकडे कपाटाचं कुलूप उघडायला गेले, काकू घरी नव्हत्या, गप्पा रंगल्या, आणि येताना ते कपाटाशेजारचा कॉम्प्युटरच घेऊन आले. त्यात दोन खाती होती. 'पाहुणे' हे बिनकुलपाचं, घरातले सगळे तेच वापरायचे. दुसरं 'मालक'. प्रोग्रॅम बसवायला मालकाची परवानगी हवी होती.

"शेवटी कुलूपच ना," म्हणत वडिलांनी बाह्या सरसावल्या, 'मालक' असंच टाइप केलं आणि ठोकलं.

*पासवर्ड चुकला. इशारा: हिला न आवडणारी गोष्ट. आणखी चार संधी.*

"ही म्हणजे कोण?" आई इस्त्री करता करता म्हणाली.

वडिलांनी काकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पासवर्ड मात्र काकांना आठवेना. इशारा वाचून दाखवल्यावर ते आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "तपकीर लिहून बघा. ती आतच आहे, जरा हळू."

*चुकला. आणखी तीन.*

मग त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीचं नाव सुचवलं, तेही कुजबुजत. पण ज्या कानांना ते ऐकू जायला नको होतं, त्यांना ते गेलं.

*चुकला. आणखी दोन.*

"कोणाला काय आवडत नाही म्हणे?" फोनमधून काकूंचा आवाज आला. काकांनी खरं ते सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, एकच गोष्ट लिहायची आहे का, कारण एवढ्याशा जागेत मावणार नाही. पलंगावर टाकलेला ओला टॉवेल

*चुकला. आणखी एक.*

भल्या पहाटे लावलेला रेडिओ

*चुकला. दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.*

चार वाजून एकवीस मिनिटं. मुलगी खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. फोनमध्ये काकूंची यादी चालूच होती: अर्धा कप उष्टा ठेवणं, पाहुण्यांसमोर नकाशे उलगडणं, तीच ती पुलाची गोष्ट आणि न विचारता कॉम्प्युटर विकणं. यातल्या प्रत्येक मुद्द्यावर काकांचं म्हणणं वेगळं होतं. वडील प्रामाणिकपणे सगळं कागदावर उतरवून घेत होते. कागद संपला.

दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली. साडेचारही होऊन गेले.

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं, फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर बापलेकीला फक्त "हो काकू" आणि "नाही हो" एवढंच ऐकू येत होतं. दार उघडलं तेव्हा पाच वाजायला दहा कमी होते.

"तोंडं फिरवा," आई म्हणाली आणि तिने एका बोटाने नऊ अक्षरं दाबली.

प्रोग्रॅम बसू लागला. हिरवी पट्टी सरकायला लागली तशी मुलीने आईचा दंड घट्ट धरला. आईने हळू आवाजात सांगितलं, काका दिवसभर पत्त्यांचा खेळ खेळत बसायचे म्हणून काकूंनीच चार वर्षांपूर्वी पासवर्ड बदलला होता. त्यांना संशय येऊ नये म्हणून इशारा तेवढा जुनाच ठेवला. काकांना वाटतंय खातं बिघडलंय. हे त्यांना कळू द्यायचं नाही, अशी शपथ आईने घेतली होती.

चार छप्पन्नला फोन वाजला. काकाच.

"आठवलं," त्यांना धाप लागली होती. "एकटीनं जेवणं. असं लिहा. मी मोजणीला आठ-आठ दिवस बाहेर असायचो ना. तिला एकटीनं जेवायला आवडायचं नाही."

वडिलांनी आईकडे बघितलं. आईने डोळे मोठे केले. कुलूप उघडल्याशिवाय उघडलं म्हणायचं नाही, हा वडिलांचा तीस वर्षांचा नेम होता.

"उघडलं काका," ते म्हणाले. "पहिल्याच फटक्यात."

"ऐकलंस का गं?" काका तिकडे ओरडले. मग काका पुन्हा फोनवर आले आणि म्हणाले की पासवर्ड चालतोय तर उद्या दुपारी येतो, माझे पत्ते आहेत आत, तासभर बसेन. फोन ठेवलासुद्धा.

चार अठ्ठावन्न. पडद्यावर *चाचणी सुरू करा* असं उमटलं आणि मुलीने केली. नंतरचे दोन तास त्या खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. तिने एक घडीची खुर्ची काढली, तिचे सांधे काढले, मापं टाकली, पाठवून दिली आणि जमिनीवर आडवी झाली.

रिकाम्या खुर्चीत आई बसली.

"खोटं बोललात तुम्ही," ती वडिलांना म्हणाली, "ते खरं मला करावं लागतंय." आणि तिने मालकाचा पासवर्ड बदलून 'एकटीनं जेवणं' असा केला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला कारखान्याचा निरोप आला की सोमवारपासून या. मुलीने तो आईला तीनदा वाचायला लावला. वडील आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाला दोन चाव्या जास्त देऊन आले.

तीनला काका-काकू आले. काकांनी चष्मा लावला, इशाऱ्याकडे न बघता रुबाबात पासवर्ड लिहिला, आणि खातं उघडलं. ते वळून काकूंकडे बघून हसले. काकू चक्क लाजल्या. काकांनी पत्ते उघडले.

पडद्यावर एक डाव अर्धा मांडलेला होता. खाली तारीख गेल्या महिन्याची. तिच्याखाली: *जिंकलेले डाव: २३१८.*

"हा डाव कोणाचा?" काकांनी विचारलं. मग आईकडे, वडिलांकडे आणि शेवटी सावकाश बायकोकडे बघितलं. "हे तर बिघडलं होतं ना?"

काकूंनी पर्स टेबलावर ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "लाल राणी मोकळी करायची राहिली होती, आणि तुम्ही विकून बसलात."