मेंढीच्या नावाची घोंगडी

म्हाळूबा धनगराकडून घोंगडी घ्यायची म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखं होतं. घोंगडी हातात देण्याआधी तो तिची ओळख करून द्यायचा. "हे चंद्री. मोठी गरीब मेंढी. हिले उन्हात टाकू नको, डोकं दुखते हिचं." घेणारा हसला की घोंगडी परत काखेत. एकदा बाळापूरच्या एका व्यापाऱ्याला घोड्याच्या पाठीवर टाकायला घोंगडी हवी होती. मागेल तो दाम द्यायला तयार. म्हाळूबानं घोड्याकडे पाहिलं, मग व्यापाऱ्याकडे. "घोड्याले देली असती," म्हणाला, "पण वरतून तुमी बसान."

ते कापसाच्या तेजीचे दिवस. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, आणि इथं आमच्या तेल्हाऱ्याकडचे कुणबी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालत होते. म्हाळूबाला मात्र कापसाचं नाव खपत नसे. "वारा आला का उडाला. त्याले काय माल म्हनावं?"

"मंग धोतर कायचं नेसता, म्हाळूबा?" मी विचारायचो.

"थे लाजेपायी, नारायणा. हौशीनं नाही."

त्याचा राग उगाच नव्हता. गावाभोवतीचं चराऊ रान कापसासाठी आम्हीच नांगरलं होतं. माझ्या बापानं सगळ्यांच्या आधी. मेंढरांना तोंड घालायला जागा उरली नाही. शेवटी म्हाळूबाचा लेक बिरू गरोदर बायको आणि कळप घेऊन सातपुड्याच्या पायथ्याकडे निघून गेला. म्हाळूबाचा गुडघा कामातून गेलेला, कळपामागं चालणं होईना. तो आमच्या गोठ्याशेजारी, आपल्या मागापाशी राहिला. उरलेली लोकर विणायची, तिला चिंचोक्याची खळ लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचं. लेकाची आठवण कुणी काढली तर म्हणायचा, "गेले थे बेस झालं. डोक्याले ताप होता."

दुसऱ्या वर्षी पौषात मी हिवरखेडच्या मामाचा कापूस आणायला गाडी जुंपली, तर हा आधीच आत बसलेला. "डोंगर पाहाचा हाय," एवढंच बोलला. डोंगर समोर आला तेव्हा मात्र त्यानं मानही वर केली नाही. वाटेवरची प्रत्येक लेंडी तेवढी बघत होता.

कापूस भरून परत निघालो. गावाबाहेर, ज्वारी कापलेल्या रानात मेंढरं दिसली. म्हाळूबा ताठ झाला.

"आपलीच हायेत."

मी बैल पळसाआड थांबवले आणि त्याला उतरवायला हात पुढं केला. त्यानं तो झटकला आणि चक्क कापसात आडवा झाला. अंगाखालून एक लहानसं घोंगडं काढून माझ्याकडे फेकलं.

"हे देऊन ये. मी हाय म्हनून सांगू नको."

"काहून? लेक हाय तुमचा."

"मले पायलं तं थो थांबते. थो थांबला तं मेंढरं काय खातीन? जाय, नारायणा."

मी गेलो. बिरूनं बापाची खबर विचारली. "बरे हायेत," मी म्हणालो, "साऱ्या गावासंग भांडून राहिले." तो हसला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याच्या बायकोनं घोंगडं नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं, आणि मग लेकराच्या अंगावर घातलं.

गाडी बरीच पुढं आली. मग कापसातून हळूच:

"पोरगा हाय का पोरगी?"

"पोरगी."

"चालते?"

"चालते न. घोंगडं पायात आलं, पडली. अन् आपली आपणच उठली."

"रडली?"

"नाही."

म्हाळूबा उठून बसला. दाढीत कापूस अडकला होता, तो काढायचंही त्याला सुचलं नाही.

"लांब झालं थे," तो म्हणाला. "मापच मालूम नोतं न, बाप्पा."