दोन्ही भोपळे सुखरूप

एका जंगलात पूर तारीख ठरवून यायचा.

हसू नका, मुलांनो. खरा पूर तिथेही यायचा, त्याला वाटेल तेव्हा. पण त्याशिवाय या जंगलात एक सरकारी पूर होता. तो वैशाखात यायचा. वैशाखात नदीला गुडघाभर पाणी असतं आणि मोठ्या जनावरांचे पाय भिजत नाहीत, म्हणून वैशाख. या पुराला रंगीत तालीम म्हणत.

तालमीला बुडणारं कुणीतरी लागतं. ते काम साळूबाईकडे होतं.

साळूबाई म्हणजे साळींदर. घर नदीकाठच्या बिळात, आवाज खणखणीत, आणि कुणाला नाही म्हणायची सवय नाही. बुडायला आणखी काय लागतं? दरवर्षी ती नदीतल्या खडकावर उभी राहून ओरडायची, "वाचवा हो मायबाप सरकार!" तिला टोचू आणि बोचू अशी दोन पिल्लं होती. पण तालमीत त्यांची कामं दोन भोपळे करायचे, कारण वाचवणाऱ्यांना पिल्लांचे काटे टोचत.

वाचवणारे होते वानर. पाणमांजरांनीही पथकात घ्या म्हणून सांगून पाहिलं होतं. पण त्यांना रांगेत उभं राहून सलाम ठोकता येईना. पोहता येतं, पण पोहण्याचं कुणी विचारलंच नव्हतं. वानरांचा प्रमुख हुप्पेराव मात्र सलाम असा ठोकायचा की बघत राहावं. त्याला पाण्याची भीती वाटायची, ती गोष्ट वेगळी.

तालीम झाल्यावर पथकाला केळी द्यायची असं ठरलेलं होतं. दरवर्षी ठरायचं. केळी अजून कुणी पाहिली नव्हती.

आणि हे सगळं सांभाळायचे तरससाहेब, जंगलाचे आपत्ती अधिकारी.

त्या वर्षी काय झालं, वैशाखात सिंहमहाराज थंड हवेच्या डोंगरावर गेले आणि तिथेच रमले. महाराजांशिवाय पूर कसा आणायचा? तालीम ढकलली. ढकलत ढकलत ती श्रावणात आली.

साळूबाई साहेबांकडे गेली.

"साहेब, श्रावणात नदीला खरंच पाणी असतं हो."

"मग चांगलंच की!" तरससाहेब म्हणाले. "तेवढंच वातावरण तयार होईल."

"आणि ते व्यासपीठ... ते जांभळीखाली घातलंय तुम्ही. माझ्या बिळाचं वरचं तोंड तिथेच आहे. बुजलं ना ते."

"खालचं तोंड आहे ना उघडं?"

"आहे, पण ते नदीकडे उघडतं."

"बाई, एका दिवसाचा प्रश्न आहे. सरकारी कामाला थोडी जागा द्यावी लागते. संवाद पाठ आहेत ना?"

साळूबाई हो म्हणाली. सांगितलं ना, तिला नाही म्हणता यायचं नाही.

तालमीच्या दिवशी तिने टोचू-बोचूला बिळात झोपवलं. साळींदरं दिवसा झोपतात, तुमच्यासारखी शाळेत जात नाहीत. मग दोन भोपळे काखोटीला मारून ती खडकावर जाऊन उभी राहिली. काठावर अख्खं जंगल जमलं होतं. महाराज व्यासपीठावर बसले. वानर रांगेत उभे राहिले. डोंगरावर मात्र सकाळपासून काळं झालं होतं, तिकडे कुणी बघितलं नाही. सगळे महाराजांकडे बघत होते.

आधी पाण्याचा रंग बदलला. मग त्यावरून फेस आला. मग एक अख्खा ओंडका साळूबाईच्या नाकासमोरून गेला.

"वाचवा!" साळूबाई ओरडली. "वाचवा हो!"

"वा!" काठावरून एक डुक्कर म्हणालं. "यंदा जीव ओतलाय बाईंनी."

"साहेब, पाणी खरं आहे! वर पाऊस झालाय!"

तरससाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "साळूबाई, हे वाक्य तुमचं नाही. तुमचं एवढंच आहे, वाचवा हो मायबाप सरकार."

"अहो, माझी पोरं बिळात आहेत!"

"पोरं तुमच्या काखेत आहेत. भोपळे नीट धरा. आता महाराजांचं भाषण."

महाराज उठले. "प्रजाजनहो," ते म्हणाले, "या राज्यात कुणीही आमच्या नकळत बुडणार नाही. जो बुडेल तो आमच्या डोळ्यांदेखत बुडेल!"

टाळ्या पडल्या. पाणी पुढे बसलेल्या सशांच्या पायाला लागलं. ससे एकमेकांना म्हणाले, "खर्च बराच केलाय यंदा."

भाषण लांबलं. पाणी साळूबाईच्या पोटाला लागलं. तिचं लक्ष काठावरच्या त्या भोकाकडे होतं, बिळाच्या खालच्या तोंडाकडे. पाणी तिथून चार वीत खाली होतं. मग दोन वीत. मग एक लाट आत जाऊन बाहेर आली.

तेव्हा कुठे शिट्टी झाली.

पथकाने वेल फेकला. हुप्पेराव डोळे मिटून त्यावरून खडकापर्यंत आला आणि नियमाप्रमाणे लहान मुलांना आधी उचललं.

"दोन्ही पिल्लं सुखरूप!" तो काठावरून ओरडला, आणि भोपळे महाराजांच्या पायाशी ठेवले. महाराजांनी एका भोपळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. काही म्हाताऱ्या हरिणींना रडू आलं.

मग साळूबाईला ओढून काढलं. ती धावत खालच्या तोंडाशी गेली, तर ते पाण्याखाली गेलं होतं. तशीच ती व्यासपीठापाशी आली. जमिनीला कान लावला. फळ्यांच्या खालून, मातीच्या आतून दोघांचा आवाज आला, "आई! ओलं लागतंय!"

"हुप्पेभाऊ," ती म्हणाली, "पोरं खाली अडकलीत. हे व्यासपीठ उचला. तुमच्या पाया पडते."

हुप्पेराव गोंधळला. "पोरं तर काढली की आत्ता. दोन होती, दोन काढली."

"ते भोपळे आहेत!"

"ते मला माहीत आहे, वहिनी. पण तालमीत ती पोरंच असतात ना?"

"साहेब, तुम्ही तरी सांगा!"

"महाराज बसलेत वर," तरससाहेब दातओठ खात पुटपुटले. "बसलेलं व्यासपीठ हलवायचा हुकूम मला नाही. कार्यक्रम संपला की बघू."

फळ्यांखालून पुन्हा आवाज आला. या वेळी एकाचाच आला.

इतकी वर्षं साळूबाई 'वाचवा' म्हणून ओरडत होती. लोक टाळ्या वाजवायचे. त्या शब्दाला टाळ्याच मिळतात, हे तिला तेव्हा कळलं. तिने अंगावरचे सगळे काटे उभे केले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

"केळी सापडली! दरवर्षीची केळी साहेबांनी या व्यासपीठाखाली पुरून ठेवलीत!"

मग हुप्पेराव हळूच म्हणाला, "तरीच!"

मुलांनो, त्या दिवशी पथकाने जे काम केलं ते पाहण्यासारखं होतं. कुणी शिट्टीची वाट पाहिली नाही. कुणी सलाम ठोकला नाही. फळ्या उडाल्या, खांब उखडले, महाराज गडगडत जाऊन चिखलात बसले. वानरांनी चारी बाजूंनी माती उकरली. हुप्पेरावाने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि किंचाळला.

"आई गं! ही कसली केळी! सालं टोचतायत!"

"ओढा, भाऊ! तीच ती! ओढा!"

त्याने ओढलं. टोचू बाहेर आला. टोचूच्या शेपटीला बोचू लटकलेला होता. नाकातोंडात चिखल गेलेला, पण शिंकला. साळूबाईने दोघांना जवळ घेतलं आणि तिलाच टोचलं, तरी सोडलं नाही.

मग पाणी व्यासपीठाच्या जागेवर चढलं आणि सगळे टेकडीकडे पळाले. महाराज सगळ्यांच्या पुढे होते.

टेकडीवर पोचल्यावर महाराजांनी आयाळ पिळली आणि गुरगुरले, "तरस! आम्हाला पाडलं कुणी?"

तरससाहेबांनी एक श्वास घेतला. "महाराज, व्यासपीठ कोसळण्याचा प्रसंग तालमीतच होता."

"आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"अचानकपणा राहिला नसता, महाराज."

महाराज खूश झाले. इतकी खरी वाटणारी तालीम त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिथल्या तिथे तरससाहेबांना बढती मिळाली.

पाणी ओसरल्यावर साळूबाई त्यांच्याकडे गेली. बीळ गेलं होतं. काठही गेला होता.

"साहेब, पुरात घर गेलं. काही मदत?"

"कुठल्या पुरात?" साहेबांनी विचारलं. "यंदा पूर आलाच नाही, बाई. ती तालीम होती. तालमीत गेलेलं घर तालमीपुरतंच गेलेलं असतं." मग त्यांना दया आली. "पण उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस आहे तुम्हाला. न्या."

बक्षीस म्हणजे ते दोन भोपळे.

साळूबाईने टेकडीवर, जरा उंचावर, नवं बीळ खणलं. तोंडं तीन ठेवली. त्या रात्री तिघांनी एक भोपळा खाल्ला.

"आई," टोचूने विचारलं, "पुढच्या वर्षी पण तू बुडणार?"

"बुडेन की," साळूबाई म्हणाली. "पण मी सांगितलंय त्यांना. भोपळे नकोत. पुढच्या वेळी काखेत केळी द्या."

तात्पर्य : सरकारची तयारी पूर्ण असली की त्या राज्यात पूर कधीच येत नाही. जे येतं, ती तालीम असते.