काचेमागची रायफल आणि अनंतराव

सातासमुद्रापलीकडच्या आमच्या नोव्हाय गावात कुणी नवं घर घेतलं, की अनंतराव गोडबोले वास्तुशांतीच्या प्रसादाआधी दारांच्या बिजागऱ्या बघत. "घर छान आहे हो. पण तीन स्क्रू हातोडीने ठोकलेत." पुढच्या वेळी ते लोक बोलवायला विसरत.

मोटार कंपनीत जन्मभर नव्या गाड्यांचे पहिले नमुने हाताने घडवलेला माणूस. खिशात भिंग, तोंडी एकच वाक्य, "आधी स्क्रू बघा." बायको गेली, ड्रायव्हिंग सुटलं. मग शनिवारी त्यांना फिरवणं शेजारी म्हणून माझ्याकडे आलं.

एका शनिवारी आम्ही एका छोट्या युद्धसंग्रहालयात गेलो. काचेमागे एक रायफल, खाली पाटी: 'जपानी सैनिकाची नेहमीची रायफल'. अनंतराव काचेला नाक लावून अर्धा तास उभे. रखवालदार दोनदा खाकरला.

"सबनीस, ही नेहमीची नाही! त्या रायफलीचा बोल्ट दर गोळीनंतर हाताने ओढावा लागतो. हिच्या पाठीवर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा आहे, पुढची गोळी आपोआप भरणारा. आणि स्क्रू बघा, कानशीने घासलेत. हा चाचणीचा नमुना. नंतर नाकारला असणार बिचारा. तुम्ही कळवा त्यांना. माझं इंग्रजी मुलगासुद्धा दुरुस्त करतो."

मी पत्र लिहिलं. 'माझ्या मित्राच्या लक्षात आलं' हे वाक्य खोडून 'माझ्या लक्षात आलं' केलं. जन्मभर दुसऱ्यांचे रिपोर्ट टाइप केले होते. एकदा स्वतःचं नाव छापलेलं बघायचं होतं. याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

तज्ज्ञ आले, नमुना दुर्मीळ ठरला. नव्या पाटीवर माझं नाव लागलं. छोट्याशा समारंभात एका बाईंनी विचारलं, "हे तुम्ही कशावरून ओळखलंत?" मी पाटीच पुन्हा वाचू लागलो. मागच्या रांगेतून मराठीत आवाज आला, "कानशीच्या खुणा, सबनीस. कानशीच्या." मी तेच इंग्रजीत सांगितलं. पहिली टाळीही त्यांचीच.

परतताना मी माफीचे शब्द जुळवत होतो. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी येताय ना?" मी 'येतो' म्हणालो. त्यानंतर कितीतरी शनिवार आम्ही फिरलो, माफी मात्र राहूनच गेली.

या वसंतात अनंतराव गेले. त्यांचा मुलगा घर आवरायला आला, तेव्हा त्याच्यासमोर मी सगळं कबूल केलं.

"आय नो, काका," तो म्हणाला. "बाबांनी मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, कम्प्लेंट करा ना! तर म्हणाले, 'नको रे. मग शनिवारी कोण येणार?'"

काल संग्रहालयाला दुसरं पत्र लिहिलं. खोडलेलं वाक्य पुन्हा घातलं. 'मित्राच्या' या शब्दापाशी पेन बराच वेळ थांबलं.