विरळ हवेतलं घट्ट रक्त

क्रीडा संस्थेत विरळ हवेची खोली सुरू झाली तेव्हा संचालकांनी आत उभं राहूनच उद्‌घाटनाचं भाषण केलं. भाषण नेहमीपेक्षा लवकर संपलं. खोली यशस्वी असल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं.

डोंगरमाथ्यावर मिळेल तितकाच प्राणवायू खोलीत ठेवलेला असे. त्यात धावपटूंनी छोट्या दौडी मारायच्या आणि मी त्यांचं रक्त तपासायचं, अशी योजना. काही आठवड्यांत शंभर मीटर धावणारी भिंगरी सगळ्यांत वेगवान झाली. रक्त मात्र होतं तसंच राहिलं.

"एवढ्याशा दौडींनी रक्त बदलत नाही, साहेब," मी म्हणालो. "त्यासाठी विरळ हवेत मुक्काम लागतो. पण वेग वाढलाय."

"खोली रक्तासाठी मंजूर झालीय," संचालक शांतपणे म्हणाले. "वेग वाढवायचा आपल्याला अधिकार नाही."

लगेच परिपत्रक निघालं. धावण्यात वारा, बूट, नशीब असं बरंच काही मिसळतं. रक्त वस्तुनिष्ठ असतं. सबब, संघाची निवड यापुढे हिमोग्लोबिनवर होईल. भिंगरीचं नाव यादीच्या तळाशी गेलं.

प्रशिक्षक अनुभवी होते. त्यांनी मुलींना तपासणीच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद करायला सांगितलं. सगळ्यांचे आकडे चढले.

मी पुन्हा संचालकांकडे गेलो. "शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, साहेब. तांबड्या पेशी तेवढ्याच असतात, फक्त आकडा वाढतो."

"वाढतो ना?"

"हो, पण..."

"मग तक्रार कसली?"

संध्याकाळपर्यंत मैदानावरच्या नळांना 'रक्तसंवर्धन विभाग' अशा पाट्या लागल्या आणि नळ बंद झाले.

भिंगरी प्रयोगशाळेत आली तेव्हा तिचे ओठ सुकले होते.

"दादा, घोटभर पाणी प्यायले तर काय होईल?"

"बरं वाटेल."

"आणि आकडा?"

"उतरेल."

"मग राहू दे. आईनं गावभर सांगून ठेवलंय, पोरगी संघात जाणार म्हणून."

ती संघात गेली.

स्पर्धेच्या दिवशी फलकावर प्रत्येकीच्या नावापुढे तिचं हिमोग्लोबिन झळकत होतं. भिंगरीचा आकडा सर्वांत मोठा. पिस्तूल वाजलं. अर्ध्या अंतरापर्यंत ती सर्वांच्या पुढे होती. मग पायांत पेटके आले आणि ती धावपट्टीवर कोसळली.

मी सलाइन घेऊन धावलो. संचालकांनी माझा दंड धरला.

"आधी नमुना घ्या. ते लावलंत तर आकडा पडेल."

मी नमुना घेतला. नोकरी माझीही होती. आकडा आला तो संस्थेच्या इतिहासातला उच्चांक. फलकावर तो उमटताच अख्खं मैदान उभं राहिलं. स्ट्रेचरकडे कुणी पाहिलं नाही.

तुम्हीही उभे होतात, तिसऱ्या रांगेत. टाळ्यांसाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तुम्ही पाण्याची बाटली खाली ठेवलीत, तेही मी पाहिलं.