टोफूला दिलेला दाब

"आज रात्रीचा स्वयंपाक मी करणार," असं बाइंडर दुपारी बोलून गेले आणि लगेच पस्तावले. पण बोलून बसल्यावर मागे कसं फिरायचं?

कारणही तसंच होतं. त्यांची बायको इस्पितळात नर्स. तिची परगावच्या सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली होती. परतल्यावर हेडनर्सची जागा पक्की! होकार उद्यापर्यंत कळवायचा होता आणि बाईसाहेब अडून बसल्या होत्या. "मी गेले तर तुम्ही खाणार काय? तुमच्या हातून चहाचं पाणीसुद्धा करपतं!"

(पाणी करपत नाही, पातेलं करपतं. पण ही वेळ बारकाव्यात शिरायची नव्हती.) आपल्यापायी तिची बढती हुकावी याचं बाइंडरांना मनापासून वाईट वाटत होतं. तेव्हा असं काहीतरी रांधायचं, की तिनं तोंडात बोट घालावं.

बांधणीला आलेल्या पाककृतींच्या एका पुस्तकात त्यांना थाई करी सापडली. नारळाचं दूध, करी पेस्ट, गवती चहा आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. सामान आणलं, चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. 'टोफू फडक्यात गुंडाळून, वजन ठेवून अर्धा तास दाबावा, म्हणजे पाणी निघून जाईल.'

बाइंडरांचे डोळे लकाकले. दाबायचं? मग एवढंच ना! तीस वर्षं ते दुसरं काय करत आले होते? बाहेरच्या खोलीत पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस उभाच होता. त्यांनी टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळला, दोन पाट्यांमध्ये ठेवला आणि चाक फिरवलं. टोफूतून पाणी गळू लागलं. त्यांनी आणखी दोन फेरे दिले. (अर्धा तास म्हणे! अर्ध्या तासात वहीसुद्धा सपाट होत नाही.) चांगले तीन तास दाब दिला.

प्रेस उघडला तेव्हा विटेएवढ्या टोफूचा पुठ्ठा झाला होता. पाण्याचा मात्र एक थेंबही उरला नव्हता, हे त्यांना अभिमानानं नमूद करावंसं वाटलं. सुरी चालेना, म्हणून त्यांनी पुठ्ठे कापायची कात्री धुऊन घेतली, नेटके चौकोन कापले आणि उकळत्या करीत सोडले. शिजून फुगेल, अशी आशा होती. टोफूला तसं काही वाटलं नाही.

बाई ड्यूटीवरून आल्या, जेवायला बसल्या. एक घास घेतला.

"रस्सा छान झालाय हो!" त्या खरंच चकित झाल्या होत्या.

बाइंडर फुलून गेले. "टोफू घे ना."

बाईंनी एक चौकोन दाताखाली धरला. बराच वेळ धरला. मग तो बाहेर काढून दिव्यासमोर नेला.

"अहो, यावर 'अहवाल' लिहिलंय."

बाइंडरांनी आपल्या ताटातला तुकडा उलटून पाहिला. त्यावर 'वार्षिक' होतं. सकाळी एका पतपेढीच्या अहवालावर नाव उठवायला वापरलेला पितळी ठसा खालच्या पाटीला तसाच राहिला होता. अक्षरं मात्र झकास उठली होती.

"तुम्ही हे प्रेसमध्ये घातलंत?"

"पुस्तकातच लिहिलंय, दाबा म्हणून!"

बाई हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मी उद्या होकार कळवते."

बाइंडरांना आनंदाचं भरतं आलं. "म्हणजे जमलं की मला!"

"अहो, इतके दिवस काळजी होती, मी गेले तर तुम्ही स्वयंपाक कसा कराल. आता काळजी वाटते, मी राहिले तर तुम्ही पुन्हा कराल."

एवढं बोलून त्यांनी खानावळीला फोन लावला. "हो, सहा आठवडे, एकाच माणसाचं जेवण. पुढच्या सोमवारपासून." मग त्यांनी गालावर हात ठेवून एक दाढ चाचपली. "आणि आज दोघांचं पाठवा. मऊ असेल ते."